म्हातारपणचें पडणें

घरांतील वडील माणूस पडलें, म्हणजे भेटावयास येणारा प्रत्येकजण "वय झालें, चालावयाचेंच" असें म्हणून हळहळतो आणि चहा घेऊन निघून जातो. वयाला दोष दिला कीं घराची झडती घेण्याची जरूर उरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लक्ष ८४ हजार माणसें पडल्यामुळें प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा सर्वांत मोठा असतो. यांतील पुष्कळसें पडणें टाळतां येण्याजोगें असतें.

यवतमाळ, वणी, पुसद या गांवांतील घरें उन्हाळ्यांत पाहावींत. मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि कूलरवांचून झोंप येत नाहीं. हा कूलर रात्रभर थेंबथेंब गळतो, त्याची वायर खोलीच्या मधून गेलेली असते, पाण्याची बादली दारांतच राहते. सारवलेल्या जमिनीच्या जागीं आतां गुळगुळीत फरशी आली आहे. ओली झाली कीं तिच्यावर पाय ठरत नाहीं. अशा खोलींत आजोबा रात्रीं दोन वाजतां लघवीस उठतात. दिवसभर घाम गेलेला, रात्रीं उठावें लागूं नये म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यालेलें, शिवाय रक्तदाबाची गोळी घेतलेली. एकदम उभे राहतांच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. इतरांची झोंप मोडूं नये म्हणून दिवाहि त्यांनीं लावलेला नसतो! पुढें उंबरठा, त्यापुढें न्हाणीघराची पायरी. येथें वयाचा वांटा किती आणि कूलरचा किती, हा हिशेब घरच्यांनींच करावा.

उपाय फारसे खर्चाचे नाहींत. वायर भिंतीकडेनें न्यावी, रात्रीं बारीक दिवा जळत ठेवावा, न्हाणीघरांत भिंतींत पक्का दांडा बसवावा. टॉवेल वाळत घालण्याची नळी माणसाचा भार सोसत नाहीं. उठतांना मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसावें. चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना एकदां एकत्र दाखवाव्या. आपल्या मनानें कोणतीहि बंद करूं नये.

कठीण गोष्ट निराळीच आहे. एकदां पडल्याचें पुष्कळ वडील माणसें लपवितात. सांगितलें कीं दुसऱ्या दिवसापासून भाजी आणणें बंद, देवळांत जाणें बंद, "तुम्ही नुसते बसा" अशी प्रेमळ आज्ञा! परंतु बसून राहिल्यानें मांड्यांतील बळ ओसरतें, तोल बिघडतो, आणि पुढचें पडणें जवळ येतें. रोजचें चालणें, खुर्चीवरून हातांच्या आधारावांचून उठण्याबसण्याचा सराव, यांनीं तें दूर ठेवतां येतें. आजी पडल्या तर "कशाला उठलीस?" असें न खडसावतां पाय कोठें अडखळला तें विचारावें, म्हणजे पुढच्या वेळीं त्या आपणहून सांगतील.

पडलेल्या माणसास घाईनें ओढून उभें करूं नये. खुब्यांत कळ येत असेल, पाय आंखूड झाल्यासारखा किंवा बाहेर वळलेला दिसला, तर त्यावर भार न देतां आडवेंच दवाखान्यांत न्यावें. डोक्यास मार बसला असून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरें वाटत असलें तरीहि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.