उशिरा येणारे अनुदान



वसंतातल्या व्याख्यानाला आंब्याचा विषय शोभतो, असे कोणी म्हणेल. आज आम्ही आंब्याविषयीच बोलणार आहोत. मात्र पिकलेल्या आंब्याविषयी नव्हे, तर लावलेल्या आणि अजून जगवावयाच्या आंब्याविषयी. शेतकऱ्याने झाडे लावावीत, शेततळे खणावे, ठिबकाने पाणी जपून वापरावे, म्हणून सरकार अनुदान देते. माती अडावी, पाणी मुरावे, उघडा डोंगर हिरवा व्हावा, हा त्यामागील हेतू. या हेतूविषयी आमचा काही वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की कबूल केलेला पैसा पुष्कळदा वेळेवर पोचत नाही. आणि तो उशिरा पोचला म्हणजे नेमके काय बिघडते?

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथे बसलेल्या पुष्कळांना वाटेल, की शेतकऱ्याच्या अनुदानाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो नोकरदाराच्या पगारपत्रकावर छापलेला आहे. १९६५ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना महाराष्ट्रभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहराच्या पगारातून खेड्याच्या कामाला पैसा, असा हा व्यवहार होता. १९९० साली याच हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातल्या कित्येक वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. तेव्हा हा केवळ सरकार आणि शेतकरी यांच्यातला करार नाही. त्यात शहराचाही शब्द गुंतलेला आहे.

आता हा शब्द पाळला कसा जातो ते पाहू. २०१८ साली राज्याने भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. तिचे अनुदान तीन वर्षांत द्यावयाचे ठरले : पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. पुढच्या हप्त्यांसाठी अट अशी, की बागायती झाडांपैकी किमान ९० टक्के आणि कोरडवाहू झाडांपैकी किमान ८० टक्के जिवंत असली पाहिजेत. अट रास्त आहे. झाड लावल्याचा फोटो काढून मोकळे होणाऱ्याला पैसा कशाला द्यावा?

परंतु या अटीशेजारी पंचांग मांडून पाहा. आमच्या ठाणे जिल्ह्यात कलम लावतात ते पावसाच्या तोंडाशी. पावसाळाभर त्याला कोणी पाहिले नाही तरी चालते. त्याची खरी परीक्षा येते मार्चपासून मेपर्यंत. मूळ अजून खोल गेलेले नसते, विहिरीचा तळ दिसू लागतो, मोकाट गुरे फिरत असतात. या तीन महिन्यांत पाणी वाहून आणण्याला, आळ्यात पालापाचोळा घालण्याला, कुंपणाला पैसा लागतो. आणि नेमक्या याच महिन्यांत, ३१ मार्चला, सरकारी खाते जुने वर्ष बंद करते आणि नव्या वर्षाच्या निधीची वाट पाहू लागते. हप्ता अडला, की पाणी अडते. पाणी अडले, की कलमे वाळतात. वाळलेल्या कलमांची मोजणी ऐंशीच्या खाली उतरते. आणि मग कागदावर लिहिले जाते, की लाभार्थी अपात्र. उशीर तिजोरीचा, आणि नापास होतो शेतकरी! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट व्याजाची. पुष्कळ योजनांत शेतकऱ्याने आधी स्वतः खर्च करावा, पावत्या दाखवाव्या, अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन पाहावे आणि मग पैसे खात्यात जमा व्हावे, अशी रीत आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. समजा, एखाद्याने तेवढी रक्कम दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने उभी केली आणि अनुदान यायला वर्ष लागले. व्याजाचे झाले १२,००० रुपये. म्हणजे सरकारने दिलेल्या रुपयातले चोवीस पैसे सावकाराच्या घरी गेले. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो वर्षभर थांबू शकतो. ज्याच्या गाठीला नाही तो अर्जच करीत नाही. योजना सर्वांसाठी असते खरी, पण उशीर तिच्यातून गरिबाला गाळून टाकतो, आणि हे गाळणे कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेले नसते.

आमच्या तालुक्यात याला आणखी एक बाजू आहे. काल्हेर, पूर्णा, मानकोली या बाजूला भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिलेली आपण रोज पाहतो. गोदामाचे भाडे महिन्याच्या महिन्याला येते. झाडाचा हप्ता केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी शेतकऱ्याने जमीन गोदामाला दिली तर त्याला लोभी म्हणावयाचे काय? त्याने दोन शब्द तोलून पाहिले आणि पाळला जाणारा शब्द निवडला, एवढेच.

सरकारची बाजू ऐकलीच पाहिजे. केंद्राचा वाटा आल्याशिवाय कित्येक योजनांत राज्याला पुढे जाता येत नाही. आधीच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही. एकेका सहायक कृषी अधिकाऱ्याकडे अनेक गावे असतात. आणि तपासणी ढिली केली तर कागदावरच तळी खणली जातील. हे सारे खरे आहे. पण तपासणी हवी याचा अर्थ तपासणीला मुदत नको, असा होत नाही.

मजुराच्या बाबतीत ही मुदत लिहिली गेली होती. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले आणि पुढे सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्का भरपाई ठरली; म्हणजे हजार रुपयांवर दिवसाला पन्नास पैसे. तीही पुरती मिळत नसे, कारण उशीर मोजताना खालच्या कचेरीतला तेवढा मोजीत आणि वरचा सोडून देत. २०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पैसा मजुराच्या हाती पडेपर्यंतचा सगळा उशीर मोजला पाहिजे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. पण न्यायालयाने सांगितलेले तत्त्व जुने होत नाही.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ सालच्या शेती-अनुदानाचा असाच घोळ झाला. त्या अनुदानाचा एक भाग पर्यावरणाच्या अटींशी जोडलेला होता. हिशेब सुटेनात, तेव्हा मार्च २०१६ अखेर ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांना सुमारे अर्धी रक्कम आधी देण्याचे तेथील सरकारने ठरविले. तपासणी पुढे चालू राहिली, पण शेतकऱ्याचे घर थांबले नाही.

तात्पर्य, आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अनुदानाची तपासणी आणि वाटप यांना त्या कायद्याखाली मुदत लावावी. दोन, मुदत टळली तर अर्धी रक्कम आधी द्यावी आणि उरलेल्या रकमेवर व्याज द्यावे. तीन, हप्ता थकलेला असताना मेलेले झाड शेतकऱ्याच्या नावावर मांडू नये. आणि आपणा सर्वांस एक विनंती : थकलेल्या हप्त्यांची यादी प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, असा आग्रह धरा. चारचौघांत वाचलेली थकबाकी फार दिवस झाकून ठेवता येत नाही.