पिलांना हाताची सवय लावा

खुडूक कोंबडी बसवली की एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. घारीच्या, मुंगसाच्या भीतीनं आपण ती डालग्याखाली झाकतो. पण खरा घात करते ती मानमोडी. एकदा शिरली की खुराडं रिकामं! तिच्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा 1 थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी पंखाखाली टोचून. लस बर्फात ठेवूनच आणावी.

आता, अंगणभर पळणारी तलंग धरणार कशी? म्हणून पहिल्या दिवसापासून तळहातावर कणी घेऊन पिलांजवळ बसा. रोज एकच हाक द्या. वरून झडप घालू नका, पिलाला ती घारच वाटते. हात खालून सरकवा. मोठ्या बुजऱ्या कोंबड्या मात्र रात्री खुराड्यातच धराव्यात. अंधारात त्या गप्प असतात.

लसीची कुपी बहुधा 100 पाखरांची असते, आणि कालवलेली लस ठेवता येत नाही. तेव्हा दवाखान्यात आधी विचारून, आळीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी टोचून घ्यावं.