नागीण आणि सुरकुत्यांवरील इंजेक्शने : नेहमीच्या काही शंका



मी डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु डॉक्टरांना विचारण्यास संकोच वाटणारे प्रश्न बहुधा व्यवस्थापकाच्या टेबलाशी येतात. त्यांतील काहींची उत्तरे आमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन येथे मांडत आहे.

नागिणीने अंगाला पुरता वेढा घातला की माणूस दगावतो, ही समजूत आजही कानी येते. वस्तुतः कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वार्धक्याने वा आजाराने प्रतिकारशक्ती उणावली की जागा होतो. ज्या तंतूच्या वाटेने तो त्वचेवर येतो, तो शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून पुरळ सहसा मध्यरेषेपाशी थांबते. वेढ्याचे भय नको. भय धरावे ते विलंबाचे. असायक्लोव्हिरसारखी औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो, आणि नेमके हेच तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात व मंत्राने उतरवून घेण्यात जातात. माझा आक्षेप हिशेबाचा आहे. सात दिवसांच्या गोळ्यांचा खर्च, पुरळ मावळल्यानंतरही महिनोन्महिने छळणाऱ्या वेदनेच्या उपचारखर्चाशी ताडून पाहावा. गेलेली झोप तर कोणत्याच खातेवहीत चढत नाही. फोड डोळ्याभोवती वा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दृष्टीला धोका असतो.

फोडांतील द्रवाच्या संसर्गाने, कांजिण्या न झालेल्या व्यक्तीस कांजिण्या होऊ शकतात; म्हणून फोड झाकून ठेवावेत व गर्भवती आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहावे. पन्नाशीनंतर घ्यावयाची दोन मात्रांची लस भारतात २०२३ पासून मिळते. ती महाग आहे, हे खरे.

आता बोटॉक्स. त्याने नागीण होते का, असे विचारले जाते. त्यात विषाणू नसतो. जिवाणूपासून मिळवलेले ते शुद्ध विष अत्यल्प मात्रेत टोचले असता मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश रोखते. सुरकुती विरते, आणि तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. नागीण अंगावर असताना मात्र ते घेऊ नये. त्वचा पूर्ण बरी होऊ द्यावी. ब्युटी पार्लरमध्ये तर कधीच घेऊ नये. इंजेक्शननंतर गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

धर्मादाय रुग्णालयात हा शौक कशाला, असे एका देणगीदार भगिनींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु अमेरिकेत १९८९ साली या औषधास प्रथम मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी. सुरकुत्यांसाठीची २००२ साली आली. पक्षाघातानंतर काही रुग्णांची मूठ इतकी आवळते की नखे तळव्यात रुततात. ती मूठही याच औषधाने सैलावते. सौंदर्यासाठी येणाऱ्यांकडून आपण पूर्ण शुल्क घेतो. आवळलेल्या मुठीचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून व्हावा, असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवला आहे.