टायरमधली हवा आणि आपण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजवर आपल्या मंडळात लोणच्यांवर, मुलांच्या दातांवर, मृत्युपत्रावर आणि ज्ञानेश्वरीवर भाषणे झाली. टायरच्या हवेवर बोलायला मात्र कोणी उभे राहिले नव्हते. चिटणीसबाईंना मी हा विषय कळवला, तेव्हा त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "दुसरा एखादा विषय आहे का हो?" मी नाही म्हटले. कारण पंचवटीत आज दारोदार लहान मोटार उभी आहे. त्या मोटारी आपण बायकाही चालवतो. मुलांना क्लासला सोडतो, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेतो, चैत्रात वणीला जातो. गाडीतल्या गाण्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळे आपल्याला ठाऊक असते. पण चाकात हवा किती हवी असे कोणी विचारले, तर आपण यजमानांच्या तोंडाकडे पाहतो आणि यजमान पंपावरच्या मुलाच्या तोंडाकडे!

ही हवा करते तरी काय? आपल्याला वाटते की गाडीचे ओझे रबर पेलते. तसे नाही. रबर ही नुसती पिशवी. ओझे पेलते ती आतली कोंडलेली हवा. १८८८ साली बेलफास्ट शहरात डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची धाव बसवली, ती त्याला खडखडीत रस्त्यावर गचके बसू नयेत म्हणून. (त्यापूर्वी चाळीसेक वर्षे टॉमसन नावाच्या गृहस्थाने या युक्तीचे पेटंट घेतले होते, पण त्या वेळी त्याचे कौतुक कोणी केले नाही.) आज आपण चार माणसे, दोन पिशव्या आणि एक पाण्याचा कॅन घेऊन निघतो, तेव्हा सगळा भार त्या हवेवरच असतो.

थोडा हिशेब करू. गणित आवडत नसेल त्यांनी नुसता आकडा ऐकावा. माणसांसकट लहान गाडीचे वजन अकराशे किलो धरा. एका चाकावर पावणेतीनशे आले. हवेचा दाब ३३ पौंड, म्हणजे चौरस इंचाला ३३ पौंड, म्हणजेच चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की एका चाकाखाली रस्त्याला टेकलेली जागा निघते सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. आपल्या हाताचा पंजा बोटांसकट टेबलावर टेकवा, साधारण तेवढीच. अशा चार पंजांवर आपली मुलेबाळे घाट चढतात आणि उतरतात. ब्रेक लागतो तो या चार पंजांतून, आणि वळण घेतले जाते तेही यांच्याच जोरावर. हवा कमीजास्त झाली की या पंजाचा आकार बिघडतो. कमी झाली तर भार दोन्ही कडांवर जातो व मधला भाग उचलल्यासारखा होतो. जास्त झाली तर मधलाच पट्टा टेकतो, गाडी टणटण उडते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला उशीर लावते. टायर झिजलेले असतील तर कुठे झिजले आहेत ते पाहा, म्हणजे वर्षभर हवा कशी होती ते समजेल. चार टायरांची किंमत आजच्या दिवसाला येवल्याच्या बऱ्यापैकी पैठणीएवढी आहे, तेव्हा हा हिशेब अगदीच कोरडा नाही.

पेट्रोल वाचते का, असे पुष्कळजणी विचारतात. वाचते, पण फार नाही. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा आहे की योग्य हवा ठेवल्याने सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि फार तर तीन टक्के इंधन वाचते. तेवढ्यासाठी मी आज उभी राहिले नसते.

मी उभी राहिले ती उन्हाळ्यातल्या एका समजुतीसाठी. ती आपल्या भागात इतकी पक्की आहे की शहाणी माणसेही ती सांगतात. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर तापून टायर फुटेल." वरवर पाहता हे पटते. कुकर तापला की वाफ कोंडते, मग शिट्टी होते. तसेच टायरचे होत असणार! पण टायरचे तसे नाही. गाडी पळू लागली की हवा तापून दाब चार-पाच पौंड वाढतो हे खरे, पण टायर बनवणाऱ्यांनी ते आधीच धरलेले असते. चांगला टायर त्याहून कितीतरी अधिक दाब सोसतो. टायरला मारते ती त्याच्या कडांची वाकवाकी. बारा इंची चाकाची लहान गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिचे चाक सेकंदाला सोळा-सतरा वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरची कड एकदा खाली दबते व पुन्हा सरळ होते. लोखंडी तार तुटावी म्हणून आपण ती तिथल्या तिथे वाकवतो, तेव्हा ती बोटाला कशी चटका देते ते आठवा. हवा पुरेशी असली की हे दबणे थोडे असते. हवा कमी असली की कड फार वाकते, फार तापते, आणि रबरातून उष्णता लवकर बाहेर जात नाही. तासभर असे चालले की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. मग धाड्‌कन आवाज होतो आणि आपण म्हणतो, उन्हाने टायर फुटला! तो उन्हाने फुटलेला नसतो. उन्हाने शेवटचा हात लावला एवढेच. हवा कमी ठेवा म्हणणाऱ्याने फुटण्याची तयारी अगोदरच करून ठेवलेली असते.

गावातल्या गावात हे कळून येत नाही. निमाणीहून रविवार कारंज्यापर्यंत जायला गाडी तापते कुठे! पण आता आपला मुलूख बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये उघडला. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, लहान गाड्यांना सपाटीवर १२० ची वेगमर्यादा. एरवी नागपूरच्या नणंदेकडे जायला आपण आगगाडी पाहत होतो, ते आता सकाळी डबा बांधून सिन्नरकडून गाडीनेच निघतो. त्या रस्त्यावर खड्डा नाही, सिग्नल नाही, म्हणून गाडी तीन-तीन तास एका वेगाने पळते आणि टायरला निवायला उसंत मिळत नाही. २०२३ साली परिवहन खात्याने या महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत फिरवल्या. लोकांनी कुरकुर केली. मला ते योग्य वाटले.

इथे मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि झोपेतली माणसे गेली. ती बातमी आपण सगळ्यांनी डोळे पुसत वाचली. चालकाने सांगितले की टायर फुटला. पुढे अमरावतीच्या परिवहन कार्यालयाने अहवाल दिला की टायर फुटल्याचा पुरावा मिळत नाही. मी हे अशासाठी सांगते की "टायर फुटला" हे आपल्याकडे दैवाचे दुसरे नाव झाले आहे. ते म्हटले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि टायर खरोखरच फुटला असेल, तेव्हाही प्रश्न उरतोच: त्यात हवा किती होती, आणि ती शेवटची कोणी पाहिली होती?

अमेरिकेत हा प्रश्न विचारला गेला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने पासष्ट लाख टायर परत बोलावले. ते बहुतेक फोर्डच्या एका मोठ्या गाडीवर बसवलेले होते. टायरच्या बांधणीत दोष निघालाच. पण गाडीच्या कंपनीने २६ पौंडांचा कमी दाब सांगितला होता, त्यावरही मोठा वाद झाला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाली की दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली. आपल्याकडच्या काही नव्या गाड्यांतही असा दिवा असतो. मात्र तो बहुधा हवा बरीच उतरल्यावर लागतो, म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ सारे ठीक असा करू नये.

आणि डोळ्यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. पूर्वी फियाटच्या टायरमधली हवा गेली की दहा पावलांवरून दिसे. आजच्या रेडियल टायरची कड मऊ असते. पुरती हवा असतानाही ती खाली जराशी फुगलेलीच दिसते. दहा पौंड हवा कमी असली तरी दिसण्यात फरक पडत नाही. त्यातून टायर ट्यूबलेस असला तर खिळा शिरूनही तो आठ-आठ दिवस तग धरतो आणि हवा मुंगीच्या पावलाने जात राहते. लाथ मारून पाहणाऱ्या पुरुषमंडळींना तर हे आवर्जून सांगा! लाथेने फक्त चप्पल झिजते.

मग पाहायचे कसे? चालकाच्या बाजूचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर आपल्या गाडीचा आकडा असतो. लहान गाड्यांचा तो बहुधा तीस ते छत्तीसच्या दरम्यान येतो, पण शेजारणीचा आकडा आपला मानू नये. कधी चिठ्ठीवर २३० असे लिहिलेले असते, कधी २.३. घाबरू नका, ते किलोपास्कल आणि बार आहेत, दोन्हींचा अर्थ ३३ पौंडच. पुष्कळदा दोन आकडे असतात, दोन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा, व त्यात मागच्या चाकांना अधिक हवा सांगितलेली असते. पाच जणींनी गडावर जायचे असेल तर दुसरा आकडा पाहावा. टायरवर कोरलेला मोठा आकडा घेऊ नये, ती टायरची कमाल मर्यादा आहे.

हवा पाहायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी. फार तर दोन-तीन किलोमीटरवरच्या पंपापर्यंत गेले तर चालते. लांबून आल्यावर पाहिली तर मापकाचा काटा चार-पाच पौंड जास्त दाखवतो, आणि भली माणसे ती "जास्तीची" हवा काढून टाकतात. मग घरी येईपर्यंत टायर उपाशी. दोन-चारशे रुपयांत घड्याळासारखे मापक मिळते, ते घरीच ठेवावे. मी माझे फडताळात, शिवणाच्या डब्याशेजारी ठेवते.

नाशिकची थंडीही ध्यानात घ्या. मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांत ३३ पौंड हवा भरली आणि पुढे पाहिलीच नाही, तर डिसेंबरात सकाळी पारा १० वर असताना तीच हवा साडेअठ्ठावीस भरते. एक कणही बाहेर न जाता! (निफाडकरांचा पारा तर चार-पाचवर उतरतो, त्यांचे आणखी कमी.) शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पौंड हवा आपोआप झिरपते. सात महिन्यांची ती वजाबाकी केली की उरले एकवीस-बावीस. अशी गाडी घेऊन आपण नाताळच्या सुट्टीत मुलांना कोकणात नेतो.

म्हणून मी दर एकादशीला हवा पाहते. महिन्यातून दोनदा येते, कॅलेंडरात छापलेली असते, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात काम थोडे कमी. साबुदाणा भिजेपर्यंत चारही चाके होतात.

पंपावर हवा विनामूल्य असते, तेल कंपन्यांचा तसा नियमच आहे. खुशीने दोन पैसे द्यावेत ते वेगळे. एकदा एका पंपावर मी "पुढे तेहतीस, मागे तेहतीस" म्हटले, तर तिथला मुलगा म्हणाला, "साहेब नाहीत का बरोबर?" मी म्हटले, "आहेत की, पण त्यांना आकडा ठाऊक नाही." मग त्याने निमूट भरली, आणि मी माझ्या मापकाने पाहिली तर तीसच होती. त्याच्या यंत्राचा काटा जुना झाला होता, मुलाचा दोष नव्हता. त्याने पुन्हा भरली. नायट्रोजन भरा म्हणून आग्रह होतो, त्याविषयी एवढेच सांगते की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे द्यावेसे वाटले तर द्या. पण तो भरला म्हणून पाहणे सुटत नाही.

स्टेपनीची हवाही पाहा. डिकीतल्या सतरंजीखाली ती बिचारी वर्षानुवर्षे पडून असते, आणि गरज लागते तेव्हा नेमकी रिकामी निघते. २०२० साली नियम बदलले, तेव्हापासून काही नव्या गाड्यांत स्टेपनी देतही नाहीत. दुरुस्तीची पेटी आणि हवेच्या दाबाचा इशारा देणारी सोय देतात. घेताना विचारून घ्या. आणि टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाचायला शिका. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. आपल्या सातपूरला सिएटचा टायरचा कारखाना आहे. तेव्हा नाशिककरणींना टायर वाचता येऊ नये हे काही शोभत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, उन्हे चढायच्या आत, मी मापक घेऊन मंडळाच्या दारात उभी राहणार आहे. गाडीवाल्यांनी गाडी आणावी. लांबच्यांनी सावकाश यावे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही यावे, कारण वॉल्व्हच्या टोप्या काढल्या की त्या धरायला कोणीतरी लागतेच, आणि दर वेळी एक गटारात जाते.