‘अँबल’ : एका संथ शब्दाचा प्रवास



शब्दांचा उगम शोधणे हा केवळ पंडितांचा छंद नव्हे. कार्यालयात, शाळेत आणि ग्रामसभेत नित्य कानी पडणारे काही शब्द मुळात कोणते कर्तव्य सांगत होते, हे त्यातून उमगते. इंग्रजीतील ‘अँबल’ या शब्दाचा परिवार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘अँबल’ म्हणजे रमतगमत, संथपणे चालणे.

लॅटिन भाषेतील ‘अँब्युलारे’ या मूळ क्रियापदाचा अर्थ मात्र नुसता ‘चालणे’ एवढाच होता. जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तो घोड्याची चाल सांगण्यासाठी. आधी एका बाजूचे दोन्ही पाय, मग दुसऱ्या बाजूचे, अशा क्रमाने चालणारा घोडा स्वाराला हिसके देत नाही. मारवाडी व काठेवाडी घोड्यांच्या अशाच चालीस ‘रेवाल’ म्हणतात. घोड्याची ही सुखावह चाल पुढे माणसाच्या निवांत चालण्यासही लागू झाली.

याच मुळापासून ‘अँब्युलन्स’ हा शब्द निघाला. फ्रेंच सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळास ‘चालते रुग्णालय’ असे म्हणत. तथापि, ते रणभूमीपासून दूर मागे असे आणि जखमींना लढाई संपेपर्यंत तिष्ठत राहावे लागे. १७९२ पासून डोमिनिक लारे या शल्यचिकित्सकाने हलक्या घोडागाड्या थेट जखमींपर्यंत नेण्याची व्यवस्था उभारली. क्रिमियन युद्धाच्या (१८५३–५६) सुमारास हे नाव इंग्रजीत वाहनासही रूढ झाले. मराठीतील ‘रुग्णवाहिका’ रुग्णाला वाहून नेते. मूळ शब्दात रुग्णालयच रुग्णाकडे चालत येते. ‘फिरता दवाखाना’ हा शब्द त्या मूळ अर्थाच्या अधिक जवळचा होय.

दुसरा शब्द ‘प्रीअँबल’, म्हणजे पुढे चालणारा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या भारतीय संविधानाची उद्देशिका अशीच सर्व अनुच्छेदांच्या पुढे चालते. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही दिशा ती आधी दाखविते; कलमे तिच्या मागून येतात. विद्यार्थ्यांकडून उद्देशिका पाठ करून घेताना हा अर्थ सांगितल्यास ते पठण निव्वळ घोकंपट्टी राहणार नाही.

तिसरा शब्द ‘पेराम्ब्युलेशन’, म्हणजे सभोवार चालणे. इंग्लंडमध्ये नकाशे दुर्मीळ होते त्या काळी प्रत्येक पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीचे, लोक ठराविक दिवशी आपल्या सीमेवरून चालत जात. सोबत मुलांनाही नेत. वृद्धांच्या पश्चात हद्दीच्या खुणा सांगणारे कोणी तरी उरावे, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामांचे नियोजन करताना ग्रामस्थ जी शिवारफेरी काढतात, तिचे या प्रथेशी साम्य सहज ध्यानी येते. कोठे बांध फुटला, कोठे ओढा गाळाने भरला, हे कागदावर दिसत नाही. पायी फिरणाऱ्यालाच ते दिसते.

एका संथ चालीच्या शब्दकुळातून आजाऱ्याकडे जाणे, कायद्याला दिशा देणे आणि गावाची सीमा राखणे असे तीन अर्थ उपजले. त्या तिन्हींत कोणी तरी स्वतः उठून चालू लागलेले आहे. अर्ज घेऊन दारी आलेल्या माणसाची दखल घेणे हे कर्तव्यच होय. परंतु जो दारापर्यंत येऊच शकत नाही, त्याच्याकडे चालत जाणे हे त्याहून मोठे कर्तव्य होय.