पारव्या पिल्लाची चौकशी



मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. निवृत्तीनंतर बंगळुरूला स्थायिक झालो आणि गच्चीवर ढाबळ बांधली. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "युनिट सुटलं, पण हुकूम द्यायची सवय सुटली नाही, म्हणून कबुतरं आणली." त्यात तथ्य आहे. आज मी रोलर कबुतरांच्या रंगांबद्दल बोलणार आहे. रंग ओळखायचे कसे आणि ते पिल्लांत उतरतात कसे, एवढाच विषय. मी शास्त्रज्ञ नाही. हे मी शिकलो ते एक चूक करून, तेव्हा सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

ज्यांना रोलर माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हे कबुतर थव्यात उडता उडता अचानक मागच्या मागे कोलांट्या घेतं. चांगला पक्षी इतक्या वेगानं फिरतो की खालून लोकरीचा गुंडा घसरत आल्यासारखा दिसतो, आणि मग सावरून परत थव्यात जातो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम भागात ही जात घडवली गेली. आपल्याकडे जमिनीवर लोळणारं लोटन फार जुनं आहे.

माझ्याकडे लाल रोलरची एक जोडी होती. नर लाल, मादी लाल, दोन्ही उत्तम उडणारे. मला त्यांचा वंश वाढवायचा होता. ढाबळीवर कामाला निपाणीकडचा एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. हात हलका, पक्षी त्याला घाबरत नसत. त्यानं एकदा विचारलं, "साहेब, माझी दोन कबुतरं हितं कोपऱ्यात ठेवू का?" मी हो म्हटलं. त्याची जोडी साधी पारवी होती, निळसर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे.

पुढच्या विणीत माझ्या लाल जोडीच्या घरट्यात दोन पिल्लं निघाली. पिसं फुटली तेव्हा एक लाल निघालं आणि दुसरं पारवं.

मी शिवाजीनगरच्या एका जुन्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "साब, लाल के घर में नीला नहीं आता. अंडा बदल गया." माझ्या डोक्यात लगेच केस तयार झाली. संधी कोणाला होती? त्या मुलाला. फायदा कोणाचा? त्याचाच. मी त्याला समोर उभं करून विचारलं. तो म्हणाला, "मी न्हाई केलं साहेब. ढाबळीतल्या अंड्याला मी हात बी लावत न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "त्या नराच्या शेपटीवर शाईचे डाग हाईत, ते तेवढं बघा. पुसून जात न्हाईत." मला वाटलं, हा विषय बदलतोय. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस." तो आपली जोडी पिशवीत घालून निघून गेला.

फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतात, तेव्हा आधी पुरावा पाहतात. मी तो पाहिलाच नव्हता. पुरावा ढाबळीत खांबावर बसून दाणे खात होता.

आता विषयाकडे वळतो. कबुतराचा रंग ओळखताना तीन प्रश्न विचारायचे, आणि त्याच क्रमानं.

पहिला प्रश्न, मूळ रंग कोणता? कबुतरात मूळ रंग तीनच: ॲश-रेड म्हणजे राखी-लाल, ब्लू म्हणजे आपला पारवा, आणि ब्राऊन म्हणजे तपकिरी. हे ओळखायला छातीकडे बघू नका, शेपटीकडे बघा. पारव्याच्या शेपटीच्या टोकाजवळ काळी आडवी पट्टी असते. ब्राऊनच्या शेपटीलाही पट्टी असते, पण तपकिरी. राखी-लालच्या शेपटीला गडद पट्टीच नसते. शेपूट आणि पंखांची लांब पिसं राखेसारखी फिकट, आणि लाल रंग मानेवर, छातीवर आणि पंखाच्या ढालीवर.

दुसरा प्रश्न, पंखावर नक्षी कोणती? दोन पट्टे असतील तर बार. ठिपक्यांची जाळी असेल तर चेकर. जाळी इतकी दाट की पंख जवळजवळ भरून गेलाय, तर टी-पॅटर्न. काहीच नसेल तर बारलेस. गडद नक्षी फिकट नक्षीवर प्रभावी असते. गंमत म्हणजे ही चेकर नक्षी आफ्रिकेतल्या वेगळ्या जातीच्या कबुतराशी फार पूर्वी झालेल्या संकरातून आली असावी, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

तिसरा प्रश्न, वरून काय पांघरलंय? इथे बहुतेक जण फसतात. स्प्रेड नावाचं एक जनुक आहे. शेपटीच्या टोकाची ती पट्टी सगळ्या अंगावर पसरावी, असं त्याचं काम. पारव्यावर स्प्रेड आलं की पक्षी काळाभोर होतो. म्हणजे काळा हा वेगळा मूळ रंग नाही, तो पांघरूण घेतलेला पारवा आहे. ब्राऊनवर स्प्रेड आलं की चॉकलेटी. राखी-लालवर आलं की फिकट राखी, ज्याला लॅव्हेंडर म्हणतात.

दुसरं पांघरूण रेसेसिव्ह रेड. हा लाल राखी-लालपेक्षा निराळा. यात शेपटीसकट सगळा पक्षी विटेसारखा लाल असतो, आणि खाली पारवा आहे, काळा आहे की चेकर आहे, काही कळत नाही. हे जनुक आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आलं तरच रंग दिसतो. म्हणून दोन काळ्यांच्या घरट्यात लाल पिल्लू निघू शकतं. दोघांकडेही ते लपलेलं असेल, तर सरासरी चारात एक. रोलरमध्ये हे नेहमी घडतं.

तिसरं डायल्यूट, म्हणजे रंग पातळ करणारं. काळ्याचा मळकट भुरा होतो, लालचा पिवळा. हे अंड्यातून बाहेर येतानाच कळतं. इतर पिल्लांच्या अंगावर पिवळी लव असते, डायल्यूट पिल्लू जवळजवळ उघडंच जन्मतं.

1914 साली अमेरिकेत लिऑन कोल यांनी टंबलर कबुतरांच्या जोड्या लावून यातले मुख्य रंग कसे उतरतात ते मांडलं. बरोबर शंभर वर्षांनी, 2014 साली, युटा विद्यापीठात मायकेल शापिरो यांच्या गटानं त्यामागची तीन जनुकं दाखवली. मूळ रंगाच्या तीन तऱ्हा ह्या टीवायआरपी-वन या एकाच जनुकाची तीन रूपं आहेत. रेसेसिव्ह रेड सॉक्स-टेनपाशी झालेल्या बदलातून येतो, आणि डायल्यूट एसएलसी-45-ए-2 मधून. तीनही जनुकं माणसांतही आहेत आणि आपल्याही रंगाशी त्यांचा संबंध आहे.

आता माझ्या केसकडे येऊ. माणसात दोन सारखी लिंग-गुणसूत्रं बाईकडे असतात. पक्ष्यांत उलटं आहे. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मूळ रंगाचं जनुक या झेडवर बसलेलं आहे. म्हणजे नराकडे रंगाची दोन पत्रं असतात, मादीकडे एकच. मादी जी दिसते तीच असते. मूळ रंगापुरतं तिच्याकडे लपवायला काही नाही. नर मात्र वरून राखी-लाल आणि आत पारवा असू शकतो, कारण राखी-लाल हा पारव्यावर प्रभावी आहे आणि पारवा ब्राऊनवर.

मादी-पिल्लाला झेड फक्त बापाकडून मिळतं. बाप आतून पारवा असेल, तर त्याच्या निम्म्या लेकी पारव्या निघतील, मग आई कितीही लाल असो. मुलगे मात्र सगळे लाल, कारण त्यांना आईकडूनही लाल मिळतो. म्हणजे लाल जोडीच्या घरट्यात पारवं पिल्लू येऊ शकतं, आणि आलं तर ती मादीच असणार.

आणि आत पारवा लपवलेला नर ओळखायचा कसा? त्याच्या शेपटीवर आणि पंखांच्या लांब पिसांवर काळे शिंतोडे असतात, टाकाची शाई झटकल्यासारखे. वयाबरोबर ते वाढत जातात. आत ब्राऊन असेल तर शिंतोडे तपकिरी.

हे मी आरोप केल्यानंतर दोन महिन्यांनी वाचलं. वाचता वाचता उठलो, बॅटरी घेऊन रात्री गच्चीवर गेलो आणि नर हातात धरून त्याची शेपूट पसरली. हे बघा, माझ्या हातात आहे ते त्याचंच गळलेलं पीस. राखी रंगावर हे चार काळे ठिपके. त्या मुलानं हेच सांगितलं होतं.

तरी मी लगेच त्याच्याकडे गेलो नाही, हेही कबूल करतो. मनाला वाटत होतं की आणखी खात्री करू. मी ती जोडी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. अंडी सतरा-अठरा दिवसांत फुटतात. पहिल्या विणीत दोन्ही लाल निघाली, आणि मला, लाज वाटते सांगायला, थोडं बरं वाटलं. दुसऱ्या विणीत एक पारवं निघालं. आणि ते पहिलं पारवं पिल्लू? त्यानं सात महिन्यांचं झाल्यावर अंडं घातलं. मादी.

या गणिताचा व्यवहारात उपयोगही आहे. पारवा नर आणि राखी-लाल मादी अशी जोडी लावा. सगळे मुलगे लाल निघतील, सगळ्या मुली पारव्या. पिसं फुटताच नर-मादी कळतं, नाहीतर कबुतरात ते ओळखायला महिने जातात. उलट बाजूही लक्षात ठेवा: दोन पारव्यांच्या घरट्यात राखी-लाल पिल्लू निघू शकत नाही, कारण पारव्याच्या आत राखी-लाल लपत नाही. तसं झालं तर चौकशी जरूर करा, पण आधी शेजारच्या खणातल्या नराची.

एक इशारा. आल्मंड नावाचा सुंदर ठिपकेदार रंग आहे, त्याचंही जनुक झेडवरच असतं. आल्मंड नर आणि आल्मंड मादी कधीही एकत्र लावू नका. ज्या नर-पिल्लांना ते दोन्हीकडून मिळतं, ती पांढुरकी निघतात, डोळ्यांत दोष असतो आणि बरीचशी जगत नाहीत. रंगाच्या हौसेपोटी आंधळं पिल्लू काढणं हा गुन्हा आहे, असं मी मानतो.

हा नाद आपल्याकडे जुना आहे. अकबराकडे वीस हजारांहून जास्त कबुतरं होती, असं अबुल फजलनं आईन-इ-अकबरीत लिहिलंय, आणि सुरमई, किशमिशी, संदली अशी त्यांच्या रंगांची यादीच दिली आहे. डार्विननंही कबुतरं पाळली. त्याला मद्रासहून नमुने पाठवणारे वॉल्टर इलियट तरुणपणी धारवाडला नोकरीत होते, आणि 1824 साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या लढाईत कैद झाले होते. डार्विननं पांढरी आणि काळी कबुतरं एकत्र लावली, तर नातवंडांत एक पारवं निघालं, काळ्या पट्ट्यांसकट. सगळ्या जाती रानातल्या एकाच कबुतरापासून आल्या, या त्याच्या म्हणण्याला तो मोठा आधार होता. ते रानातलं कबुतर म्हणजे आपल्या खिडकीवर घुमतो तोच पारवा. संस्कृतात पारावत, इथे कानडीत पारिवाळ. मराठीत तर तो पक्षीही पारवा आणि रंगही पारवा.

मी त्या मुलाला शोधत गेलो. तो एका गोदामात सामान पोचवण्याच्या कामाला लागला होता. मी म्हटलं, "माझं चुकलं. तू डाग दाखवले होतेस, मी पाहिले नाहीत." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चोर म्हणाला न्हाई, पर म्हणाल्यागतच झालं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ती पारवी मादी त्याला दिली. कामावर तो परत आला नाही, त्याचं बरोबरच होतं. रविवारी मात्र कधीकधी गच्चीवर येतो, थवा सोडतो. त्या मादीला त्यानं त्याच्या पारव्या नराशी जोडलं. पिल्लं सगळी पारवी, आणि त्यातला एक नर आज माझ्या थव्यातल्या कुठल्याही लाल पक्ष्यापेक्षा चांगला फिरतो. कोलांटी आणि रंग यांचा एकमेकांशी संबंध नाही. पक्षी निवडायचा तो हवेतलं काम बघून.

शेवटी नव्या मंडळींना चार सूचना. प्रत्येक पिल्लाला आठवड्याच्या आसपास कडी घाला. वहीत आई, बाप आणि शेपटीचा रंग लिहा. ढाबळ झाडताना मास्क लावा, कबुतराच्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट असते. आणि घरट्यात अनपेक्षित रंग दिसला, तर माणसाला विचारण्याआधी पीस हातात घेऊन उजेडात धरा.