संकेतस्थळाची मोजणी आणि पडताळणी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



विषय ऐकून काहींना वाटेल, हा संगणकवाल्यांचा प्रांत. आपला त्याच्याशी काय संबंध? म्हणून आम्ही कोल्हापुरी चपलेपासूनच सुरुवात करतो. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच घाटाच्या चपला आपल्या म्हणून दाखविल्या आणि कारागिरांचे नावही घेतले नाही. गदारोळ उठल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत आपली चप्पल जगभर गाजत होती.

आता समजा, शहरातील एका चर्मकार कुटुंबाचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. मुलाने त्याच जूनमध्ये पहिल्या पानावरील छायाचित्र बदलले आणि जुलैत मागणी वाढली. घरचे म्हणतील, पोराने कमाल केली. पण मागणी छायाचित्राने वाढली की प्राडाच्या गाजावाजाने? नुसत्या आकड्यांवरून हे सांगता येत नाही. अगोदर आणि नंतर यांची तुलना माणसाला अशी फसविते, आणि शिकलेली माणसेही तिला फसतात.

प्रथम मोजणीचे पाहू. गूगल अ‍ॅनालिटिक्स हे साधन 2005 पासून आहे. त्याची जुनी पद्धत 2023 च्या जुलैत बंद होऊन आता चौथी आवृत्ती चालते. जुनी पुस्तके वाचताना हे ध्यानात ठेवावे. यात ‘युजर’ म्हणून जो आकडा दिसतो, तो माणसांचा नव्हे. ढोबळमानाने तो ब्राउझरचा असतो. आपल्या वस्तीत एकाच फोनवर घरातील चौघे पाहतात, ते एक धरले जातात. कचेरीतील संगणक आणि खिशातील फोन वापरणारा एकटा साहेब मात्र दोन होतो! ‘सेशन’ म्हणजे एक भेट. भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा आपण महत्त्वाची ठरविलेली कृती घडली, तर ती गुंतलेली भेट. बाकीच्यांचे प्रमाण तो ‘बाउन्स रेट’. आमच्या मते नवशिक्याने या सर्वांपेक्षा एकच प्रश्न धरावा: शंभर भेटींपैकी कितींत मागणी नोंदली गेली, आणि उरलेले कोणत्या पायरीवर परत फिरले? मापाच्या तक्त्यावर फिरले असतील तर दोष चपलेत नाही, तक्त्यात असू शकतो.

आता पडताळणी. छायाचित्र जुने की नवे, हे येणाऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून द्यायचे. निम्म्यांना जुने, निम्म्यांना नवे, आणि दोन्ही एकाच काळात. मग प्राडाचा गाजावाजा असो की दिवाळी, दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. फरक उरतो तो छायाचित्राचा किंवा नशिबाचा. याला ‘ए-बी टेस्ट’ म्हणतात. नाव नवे, युक्ती शेतातली. इंग्लंडच्या रॉथॅम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी वाफ्यांना चिठ्ठी टाकून खते देण्याची रीत घातली. आपल्याकडे पानसे आणि सातारा जिल्ह्यातील सुखात्मे यांनी 1954 साली शेती कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची व्यवस्था केली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. तेथे गावे चिठ्ठीने वाटली नव्हती, पण दोन्हीकडची नोंद एकाच काळात होत होती. म्हणूनच नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा 1999 चा निष्कर्ष जगाला विचारात घ्यावा लागला.

राहिला नशिबाचा भाग. समजा, जुन्या छायाचित्राला 1,000 भेटींत 30 मागण्या आल्या आणि नव्याला 1,000 त 36. जिंकले? नाही. शंभर वेळा नाणे उडविल्यावर छापा नेमका पन्नास वेळा पडत नाही, तेवढाच हा फरक. तेच 10,000 त 300 आणि 10,000 त 360 आले, तर मात्र नुसत्या योगायोगाने असे घडणे दुर्मीळ. म्हणून किती भेटी आणि किती दिवस, हे अगोदर कागदावर लिहावे, आणि पूर्ण आठवडे घ्यावेत. रविवारचे गिऱ्हाईक आणि मंगळवारचे गिऱ्हाईक सारखे नसते. रोज सकाळी आकडा पाहून, आपली बाजू वर दिसताच परीक्षा थांबविणे म्हणजे सामना आपण पुढे असताना शिट्टी वाजविणे होय.

छोट्या कारागिराला दहा हजार भेटी कोठून मिळणार, असे कोणी विचारील. रास्त आहे. त्याने बारीकसारीक रंग बदलण्याच्या नादी लागू नये. मोठा बदल करावा, आणि दहा गिऱ्हाइकांना फोन करून अडचण विचारावी. गिऱ्हाइकाची माहिती मात्र त्याच्या संमतीनेच घ्यावी. 2023 साली त्यासाठी कायदाही झाला आहे.

साधनांपैकी गूगलचे ऑप्टिमाइझ सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाले. दिल्लीत सुरू झालेल्या विंगिफाय कंपनीचे व्हीडब्ल्यूओ चालू आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे संकेतस्थळ नाही, त्यांच्यासाठी गूगलने एका दुकानाचे नमुना खाते विनामूल्य खुले ठेवले आहे. त्यात लोक कोठून आले याचा अहवाल प्रथम उघडावा, आणि एका आठवड्याची मागणी हाताने, वहीत, टक्केवारी काढून पाहावी. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.